सावळाराम मिस्त्रीचं गळकं चाक

उत्रोलीच्या गेनबाचा सावळाराम पाळण्यात होता तेव्हापासूनच संशयी, असं त्याची आई सांगायची. पाजायला घेतलं की आधी वास घ्यायचा म्हणे. आता आईच्या दुधाचा कुणी वास घेतं का? पण हा घ्यायचा. पुढं मोठा झाला, बोहल्यावर उभा राहिला, तर अंतरपाटाखालून वाकून नवरीचे पाय बघितले. का, तर दाखवली एक आणि उभी केली दुसरी असं झालं म्हणजे? भटजीनं मंगलाष्टक मधेच थांबवून विचारलं, "काय हरवलं का?" पाय ठकुबाईचेच होते. तिनं अंगठ्यानं त्याच्या बोटावर असा काही दाब दिला की पुढचं सगळं होईस्तोवर गडी सरळ उभा राहिला, आणि संसारात आपलं काय होणार याचा अंदाज त्याला तिथंच आला.

धंदा मात्र त्यानं स्वभावाला शोभेल असा धरला. मोटारीचा मिस्त्री. मोटार खोटं बोलते, कुठं दुखतंय ते सांगत नाही, आवाज एकीकडून येतो आणि मोडलेलं असतं दुसरीकडं. संशयी माणसाला याच्यापेक्षा बरं काम मिळायचं नाही. तरणा असताना पुण्याला लष्कर भागात एका गोऱ्याच्या मोटारखान्यात चार वर्षं राहून तो हे शिकून आला, आणि भोरला बाजाराच्या टोकाशी, नीरेकडं उतरणाऱ्या वाटेवर, पत्र्याचं खोपट टाकून बसला. अख्ख्या भोरात त्याला 'मिस्त्री' म्हणायचे. उत्रोलीत भाताची खाचरं करणाऱ्या घरातल्या पोराला कुणी मिस्त्री म्हणतं, याचं त्याला फार अप्रूप होतं. ठकुबाईनंसुद्धा चारचौघांत तसंच म्हणावं अशी त्याची इच्छा होती. ती म्हणायचीही, फक्त जरा जास्त लांबवून.

बाप गेनबा भाड्याची बैलगाडी हाकायचा. चाळीस वर्षं भोर ते पुणे, जाताना तांदूळ, येताना गूळ नि मीठ. मोटारी आल्या आणि गाडी परसात उभी राहिली ती राहिलीच. बैल गेले, जुवावर कोंबड्या बसायला लागल्या. पण गाडीखाली टांगलेलं वंगणाचं बांबूचं नळकांडं गेनबानं सोडवून घेतलं आणि आपल्या खांद्याला अडकवलं. शेतावर जाताना, देवळात जाताना, एकदा तर सोयऱ्यांकडं बारशाला जाताना. त्यात करंजाचं तेल असायचं. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की ते कुणाला दिसायचंच नाही, जसं रोजच्या माणसाचं नाक दिसत नाही.

रोज दुपारी गेनबा उत्रोलीहून पोराची भाकरी घेऊन यायचा. एका हातात काठी, एका हातात फडक्याची गाठोडी, खांद्याला नळकांडं. सावळाराम गाठोडी सोडायचा, भाकरीचा वास घ्यायचा, मग खायचा. सून रांधते आणि सासरा आणतो, त्यात वास कसला घ्यायचा? पण घ्यायचा. जेवून हात धुवायला नदीवर जायचा, पाय पाण्यात सोडून जरा बसायचा, आणि तोवर म्हातारा खोपटात मोटारीपाशी थांबायचा. मोटारीला हात लावायचा नाही, अशी मिस्त्रीची सक्त ताकीद होती. बापालासुद्धा.

मोटार होती आनंदरावांची. कुठल्याशा सरदारानं कधीकाळी हौसेनं आणलेली परदेशी गाडी, वीस वर्षं जुनी, हुड फाटलेलं. आनंदराव ती भाड्यानं फिरवायचे, भोरहून नसरापूर, तिथून मार्गासनी, आणि पुढं वेल्ह्यापर्यंत. सात माणसांची गाडी, चौदा बसायची, कोंबड्या वेगळ्या. चालवायला मानसिंग. मिशा पिळलेल्या, सदा शीळ घालणारा, आणि सावळारामाच्या मते जगातला कुठलाही माणूस कारणाशिवाय शीळ घालत नसतो.

लढाईचे दिवस होते ते. पेट्रोल मोजून मिळायचं, मोटारीचा सुटा भाग म्हणाल तर मुंबईतसुद्धा मिळायचा नाही. अशात दिवाळी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी मार्गासनीच्या अलीकडच्या उतारावर मानसिंगानं ब्रेक दाबला आणि मोटार काही थांबली नाही. ती आपली रस्ता सोडून एका खाचरात गेली आणि पेंढ्याच्या गंजीत नाक खुपसून उभी राहिली. कुणाला लागलं नाही. एक कोंबडी तेवढी गंजीवर जाऊन बसली, ती उतरायला तयार नव्हती.

सावळारामानं खाली शिरून बघितलं. उजवं मागचं चाक हलवलं तर म्हाताऱ्याच्या दातासारखं डुललं. आतलं बेरिंग झिजलेलं. आणि बेरिंग डुललं म्हणून आसाभोवतीची चकतीही खाल्लेली. मागच्या दोन चाकांच्या मधे जे फुगीर पोट असतं ना, ज्यात दाते असतात आणि तेल असतं, त्याला सावळाराम माठ म्हणायचा. त्या माठातलं तेल आसावरून चाकाकडं येऊ नये म्हणून तिथं नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, जाड चकती घट्ट बसवलेली असते, तिला तो सील म्हणायचा. सील गेलं, तेल थेट ब्रेकच्या डब्यात. तेलकट ब्रेक धरणार काय?

आनंदराव बोलायला गोड माणूस, म्हणून त्यांची भीती जास्त. ते म्हणाले, "सावळाराम, बेरिंग बदला, सील बदला, लागंल ते आणा. पण एक महिना. महिन्यानंतर ते चाक मला कोरडं दिसलं पायजे. न्हाई दिसलं तर मोटार पुण्याच्या कारखान्यात जाईल, ती कायमची. मग तुमी हितं खोपटात कुणाची वाट बघणार?"

भोरात दुसरी कुणाची मोटार सावळारामाकडं येत नव्हती. ही गेली की मिस्त्रीपण गेलं. मग परत खाचरात, बैलाच्या शेपटीमागं, आणि बाजारात सगळे 'गेनबाचा सावळ्या' म्हणणार. चाक कोरडं ठेवायचं, एवढंच आता त्याच्या आयुष्यात उरलं होतं म्हणा ना.

तो पुण्याला गेला. जुन्या बाजारात भंगारवाल्यापाशी मोडीत काढलेल्या मोटारींचे सांगाडे असतात, त्यांत दिवसभर उकरून त्याला तसंच बेरिंग सापडलं, नळीसारख्या रुळांचं. त्यानं ते कानाला लावून फिरवलं. मग दुसऱ्या कानाला. भंगारवाला म्हणाला, "मिस्त्री, गाणं म्हणतंय का?" सावळाराम म्हणाला, "इतकं सोपं फिरतंय त्याचाच संशय येतोय." तरी घेतलं.

सीलसाठी मात्र पुण्याला काही मिळेना. तेव्हा त्याला कोंडाबाई आठवली. मार्गासनीच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यावर राहायची. लोकर पिंजून, साबणपाण्यात भिजवून, लाटून, तुडवून ती असा बुरणूस करायची की घोड्याच्या खोगिराखाली तो पंधरा वर्षं टिकायचा. संस्थानच्या पागेतले लोक तिच्याकडून न्यायचे. सावळारामानं तिच्याकडून वीतभर लांबीचा जाड तुकडा आणला, त्याच्या चकत्या कापल्या, कोमट तेलात रातभर भिजत घातल्या.

मग चाक काढलं. ते असं सहज निघत नाही. आसाचं टोक निमुळतं असतं आणि चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, त्याच्यावर वर्षानुवर्षं आवळून बसलेला असतो. मोठा नट सोडवला, खाचेतली लोखंडी चावी काढली, तुंब्याला लोखंडी पंजा लावला, मधला बोल्ट पिळत गेला. पिळायचं, टोकावर हातोडीचा एक ठोका द्यायचा, थांबायचं, बोलायचं नाही. तिसऱ्या ठोक्याला बंदुकीसारखा आवाज झाला आणि चाक सुटलं. झिजलेलं बेरिंग काढलं, आसाभोवतीची नळी रॉकेलनं धुतली, नवं बेरिंग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू आत बसवलं, चकत्या घातल्या, ब्रेकचे पट्टे रॉकेलनं धुऊन उन्हात वाळवले. शेवटी माठाचं बूच उघडून बेताचं तेल घातलं. बेताचं म्हणजे, बुचाच्या भोकातून वाकडी तार आत सोडायची आणि तेल भोकाच्या दोन बोटं खालीच राहिलं पाहिजे. काठोकाठ भरलं तर जागा नसते, फिरताना उसळतं आणि चांगल्या सीललासुद्धा दाबून बाहेर येतं. पुण्याच्या गोऱ्यानं हे त्याला एकदाच सांगितलं होतं, पण पाठीत गुद्दा घालून सांगितलं होतं, म्हणून राहिलं.

चार दिवस चाक कोरडं ठक्क. सावळाराम सकाळ-संध्याकाळ तुंब्यावर बोट फिरवायचा आणि कोरडं बोट ठकुबाईला दाखवायचा. ती म्हणायची, "दावा, दावा. जन्मात पयल्यांदा तुमचं हात धुतल्यावानी दिसत्यात."

पाचव्या दिवशी बोट काळं झालं.

झालं. आधी त्याला भंगारवाल्याचा संशय आला. चाक पुन्हा काढलं, बेरिंग कानाला लावलं. बेरिंग साफ. मग नमद्याचा संशय आला. मेंढीची लोकर दबते, चिकटते, तेल अडवते. शेळीचा केस कधी दबत नाही, त्यातून तेल चाळणीसारखं जातं. कोंडाबाईनं लोकरीत शेळीचे केस मिसळले. नक्की मिसळले. लढाईच्या दिवसांत लोकर महाग झाली होती, हे त्याला आठवलं आणि सगळं कसं जुळलं. संशयी माणसाचं असंच असतं बघा, एकदा जुळायला लागलं की सगळंच जुळतं.

आणि हे त्यानं गुपचूप विचारावं की नाही? वेल्ह्याच्या भर बाजारात, घोंगड्यावाल्यांच्या ओळीत उभं राहून विचारलं. "कोंडामावशी, लोकरीत शेळी किती घातली व्हती?"

शेजारचे हसले. पागेचा एक हवालदार बुरणूस बघत होता, त्यानं हातातला खाली ठेवला आणि पुढं गेला. कोंडाबाई साठीची, वाळलेली, काठीसारखी ताठ. ती काही ओरडली नाही. गाठोड्यातला सगळ्यात जाड तुकडा काढला आणि त्याच्या पायाशी टाकला.

"ह्यो घे. माज्या सासूच्या हातचा हाय, तिनं तर शेळी पाळलीबी न्हवती. आता गळलं, तर खोट तुज्या हातात. आन् न्हाई गळलं, तर ह्याच जागंवर उभा ऱ्हाऊन सांगायचं."

सावळारामानं तो तुकडा उचलला. आणि तिच्या देखतच त्याचा वास घेतला, काय म्हणावं या माणसाला.

दुसऱ्यांदा चाक निघालं, दुसऱ्यांदा सील बसलं. तीन दिवस कोरडं. चौथ्या दिवशी पुन्हा काळी रेघ, तुंब्यापासून थेट टायरपर्यंत. उत्रोलीच्या वळणावर ब्रेक धरता धरता सुटला. मानसिंग म्हणाला, "मिस्त्री, माझी बायको गरवार हाय. तुमच्या चाकापायी तिला पांढऱ्या कपाळाची करू नगा." हसत म्हणाला. पण सावळाराम त्या हसण्याकडं बघत राहिला.

महिना सरायला आठ दिवस उरले होते. त्यानं आता डोकं लावलं. मोटार उभी असली की चाकाखाली परात ठेवायला लागला. ठकुबाईची कणीक मळायची परात, हे तिला दोन दिवसांनी कळलं, ते सोडा. परातीत जमलेलं तेल त्यानं तांब्यात ओतून बघितलं आणि तो जागच्या जागी बसला. त्यानं माठात घातलं होतं त्याच्यापेक्षा बाहेर आलं होतं जास्त. आणि तार सोडून बघितली तर माठ बुचापर्यंत काठोकाठ भरलेला.

त्यानं बोट बुडवून वास घेतला. करंज.

मग काय, दिवा लागला डोक्यात. कुणीतरी माठातलं चांगलं विलायती तेल काढून विकतंय आणि चोरी कळू नये म्हणून स्वस्तातलं करंजाचं तेल भरतंय. अडाणी चोर, घाबरून काठोकाठ भरतो, म्हणून सील दाबून तेल बाहेर येतं. सील चांगलं, बेरिंग चांगलं. मोटारीचं निदान त्यानं अगदी बरोबर केलं होतं हो, त्यात शंका नाही. आणि माणसाचं? मोटारीपाशी रात्रंदिवस असतो कोण, पान्हा हाताळतो कोण, शीळ घालतो कोण? मानसिंग. म्हणजे कोंडाबाई खोटी नव्हती, हेही त्याच्या लक्षात आलं. पण ते त्यानं मनाच्या एका कोपऱ्यात सारून ठेवलं. वेल्ह्याचा बाजार लांब होता, आणि मानसिंग जवळ.

तो आनंदरावांकडं गेला. सगळं सांगितलं. आनंदराव सुपारी कातरत ऐकत होते.

"मानसिंगाला काढायला मला येळ लागायचा न्हाई," ते म्हणाले. "पण दावा मला. परवा महिना भरतोय. तोवर चोर धरून दावा, न्हाईतर मोटार पुण्याला. आन् सावळाराम, चोर निघाला न्हाई, तर मग माणसावर आळ घेतल्याचं वेगळं बघू."

दुसऱ्या दिवशी मोटार सकाळी नसरापूरहून येऊन खोपटात लागली. मानसिंग म्हणाला, जरा बाजारात जाऊन येतो. सावळाराम मनात म्हणाला, जा, आणि ये, बघतो. दुपारी गेनबा भाकरी घेऊन आला. सावळारामानं घाईघाईनं चार घास खाल्ले, "नदीवर जातो" म्हणाला, वाटेनं खाली उतरला, बाभळीला वळसा घालून मागच्या बाजूनं परत आला आणि म्हातारा दारात गाठोडी आवरत होता तोवर खोपटाचा पत्रा सरकवून मोटारीच्या मागच्या बाकाखाली आडवा झाला. सहा फुटी माणूस, गुडघे छातीशी. अंगाखाली कुणाच्या तरी बाजारच्या मिरच्या सांडलेल्या. शिंक दाबून, हातात पान्हा धरून तो मानसिंगाची वाट बघत पडला.

खोपटात कुणीतरी चाललं. काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग कण्हत कण्हत कुणीतरी मोटारीखाली शिरलं. बुचावर लोखंड लागलं, बूच फिरलं.

आणि खालून आवाज आला, मऊ, बैलाशी बोलावं तसा.

"ये माजी बाय. उपाशी ठिवलीया न्हवं तुला. तोंड शिवून टाकलंया. चाक सारखं काढतोया, पर वंगण द्याया जीवावर येतंया माज्या लेकाच्या."

सावळारामाला वाटलं, आपले कान बिघडले. मग तेलाचा गुळगुळ आवाज आला.

"आबा," तो बाकाखालूनच म्हणाला.

खाली गुळगुळ थांबली. मग म्हातारा म्हणाला, "जेवलास का पोटभर? निम्मी भाकर तशीच हाय."

आता दोघं एकमेकांवर आडवे पडलेले, मधे मोटारीची फळी, आणि बोलणं चाललेलं. सावळाराम म्हणाला, "कवापास्नं चाललंय ह्ये?"

"तू पयलं सील बशीवलंस तवापास्नं. रोज न्हाई. एक दिसाआड."

"कुनी शिकवलं तुमाला? मानसिंगानं का?" बघा, अजूनसुद्धा.

"मला? वंगण घालाया? तुजा जनम व्हायच्या आदी कात्रजचा घाट चढवलाया म्या भरल्या गाडीनं, एकदा चाक कुरकुरलं न्हाई."

"आबा, ही गाडी न्हवं."

"चाक हाय का न्हाई? आस हाय का न्हाई? मंग." म्हातारा बाहेर सरकला, बसला, दाढी तेलानं चकाकत होती. सावळारामही बाकाखालून सुटला. गेनबा चाकाकडं बोट दाखवत म्हणाला, "तुंब्याच्या तोंडाला वंगण आलं की समजायचं, चाकाचं प्वाट भरलं. पयलं ह्या मोटारीच्या तोंडाला यायचं, मला बरं वाटायचं. तू मिस्त्रीपणा केलास आन् दुसऱ्या दिशी बघतो तर चाक कोरडं. वंगण द्यायचं इसरलास आसं वाटलं. घातलं थोडं. तोंडाला आलं, जीव थंड झाला. तू परत काढलंस, परत कोरडं केलंस. म्या परत घातलं."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

म्हाताऱ्यानं फडक्यानं हात पुसले, पुसलेले परत पुसले.

"मिस्त्री म्हनत्यात तुला लोक. बापानं चारचौघांत सांगावं, वंगण घाल म्हनून? काय ऱ्हाईल तुजं?"

सावळारामानं तार घेतली, माठात सोडली, बापाला दाखवली. दोन बोटं खाली का ठेवायचं ते सांगितलं. ब्रेकच्या डब्यातलं तेल दाखवलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याला कितपत पटलं देव जाणे, पण ब्रेकचं पटलं. उतारावर गाडी सुटणं काय असतं हे त्याला सांगायला लागलं नाही.

"म्हंजी माज्या तेलानं माणसं मेली असती," तो म्हणाला.

घरी आल्यावर सावळाराम मनात हिशेब मांडायला लागला. खरं सांगावं तर भोरात हसं होणार, मिस्त्रीला महिनाभर स्वतःचा बाप सापडला नाही. न सांगावं तर मानसिंग घरी बसणार. मानसिंगच चोर होता, निसटला, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. तसा विचार त्याच्या मनात येऊन गेला, लपवायचं कशाला. चुलीपुढं बसून तो आडून आडून ठकुबाईला विचारायला लागला, समज एखाद्यानं असं केलं तर, समज तसं केलं तर.

ठकुबाई भाकरी थापत म्हणाली, "लगनात खालनं वाकून पाय बगितलं तसं ह्या बारीला करू नगा. सरळ तोंडाकडं बगून सांगा. आन् माजी परात घासून द्या."

तो सकाळी आनंदरावांकडं गेला. मानसिंगाला बरोबर नेलं. गेनबा न बोलावता मागून आला. सावळारामानं तोंड उघडायच्या आत म्हातारा म्हणाला, "म्या घातलं, मालक. ह्या हातानं." मग सावळारामानं बाकीचं सांगितलं, मानसिंगावर आळ घेतला होता तेही, त्याच्याकडं बघून. मानसिंगाची शीळ पहिल्यांदाच बंद होती.

आनंदराव हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "महिना आज भरला. तुमच्या घरातलं मला काय करायचं? चाक कोरडं दिसू दे आन् मोटार उतारावर उभी ऱ्हाऊ दे. आणखी चार दिवस देतो. गेनबाकाकाच्या तोंडाकडं बघून देतो, तुमच्या न्हवं."

आतला नमदा तेल पिऊन पिऊन चिखल झाला होता. नवा लागणार. म्हणजे धनगरवाड्यावर जाणं आलं.

कोंडाबाई दारात लोकर पिंजत बसली होती. सावळारामानं सगळं सांगितलं. तिनं पिंजणं थांबवलं नाही.

"म्हंजी शेळी तुज्याच घरात व्हती," ती म्हणाली.

"व्हय मावशी."

"हवालदारानं तवापास्नं माज्याकडनं एक बुरणूस न्हेला न्हाई."

"बाजारात उभा ऱ्हाऊन सांगतो म्या. त्येलाबी सांगतो."

"ते तू सांगशीलच. वर आनखी एक. येल्ह्याच्या बाजाराला मला मोटारीत म्होरं बसवून न्यायचं. आन् त्याच उतारावर, जिथं गंजीत गेली व्हती, तिथं थांबवून दावायची. न्हाई थांबली तर माजीबी हाडं मोडू देत, लोकांना कळंल तरी खोट कुणाची ती."

तिसऱ्यांदा चाक निघालं. माठ रिकामा केला, रॉकेलनं धुतला, करंजाचा वास जाईस्तोवर. कोंडाबाईच्या नमद्याच्या चकत्या बसल्या, ब्रेकचे पट्टे वाळले, तेल तारेनं मोजलं गेलं. या वेळी तार गेनबाच्या हातात दिली होती. त्यानं ती तीनदा आत सोडून बघितली आणि प्रत्येक वेळी म्हणाला, "कमी वाटतंया."

बाजाराच्या दिवशी कोंडाबाई नऊवारीचा काष्टा आवळून मानसिंगाच्या शेजारी बसली, पुढच्या काचेला दोन्ही हात लावून. मागं आनंदराव, माणसं, टोपल्या. सावळाराम पायरीवर उभा, एक डोळा चाकाकडं, एक मानसिंगाच्या पायाकडं. मानसिंग फार शांत दिसत होता, त्याचा त्याला संशय येत होता.

उतार आला. मोटार सुटली. गंजीची जागा जवळ आली. कोंडाबाई म्हणाली, "दाब आता."

मानसिंगानं दाबला. मोटार अशी जागच्या जागी उभी राहिली की सावळाराम पायरीवरून सुटला आणि कुणाच्या तरी अंड्यांच्या टोपलीत बसला. मुद्दाम दाबला का? मानसिंग आजतागायत नाही म्हणतो.

कोंडाबाई खाली उतरली. तुंब्यावर बोट फिरवलं, उन्हात धरलं. कोरडं. तिनं ते आनंदरावांना दाखवलं, मग सावळारामाच्या नाकाशी धरलं. "घे वास," म्हणाली. "शेळीच्या केसानं बरी धरली."

आनंदरावांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "चला मिस्त्री, पुढं बाजार भरलाय." मिस्त्री म्हणाले. अंड्यांनी माखलेल्या माणसाला. सावळारामाला तेवढं पुरलं. वेल्ह्याला उतरल्यावर तो तसाच, सदऱ्यावर पिवळं वाळलेलं, घोंगड्यावाल्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिला आणि हवालदाराला गाठून सगळं सांगितलं. लोक हसले. या वेळी त्याच्यावर हसले, आणि हवालदारानं दोन बुरणूस घेतले.

ती मोटार पुढं लढाई संपेपर्यंत चालली. सावळाराम सुधारला असं म्हणाल तर नाही. इतकंच झालं की आधी तार सोडून बघायचा आणि मग माणसावर संशय घ्यायचा. त्यात अर्धे संशय वाचायचे, मानसिंग म्हणायचा.

गेनबा शेवटपर्यंत दुपारची भाकरी आणत राहिला. आला की आधी चाकापाशी जायचा, तुंब्यावर बोट फिरवायचा, कोरडं बोट बघून मान हलवायचा आणि म्हणायचा, "जीव न्हाई ह्यात." खांद्याला नळकांडं तसंच. त्यात आता नदीचं पाणी असतं, तहान लागली तर, असं तो सांगायचा. सावळाराम रोज ते हातात घ्यायचा, बूच काढायचा, वास घ्यायचा. पाणीच असायचं. मग दोघं मोटारीला पाठ टेकून, एकमेकांकडं तिरकं बघत, भाकरी खायला बसायचे.